कीवीची वेल आणि सासऱ्यांची छत्री

डॉक्टरांनी जावईबापूंना मातीत हात घालायला सांगितलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. नाहीतर जावईबापूंचा आणि शेतीचा संबंध जेवणाच्या ताटापलीकडे कधी आला नव्हता.

‘जावईबापू’ हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. पण सासरे घरी राहायला आल्यापासून घरात त्यांना याच नावाने हाक मारली जाऊ लागली, मग ते गल्लीत पसरलं आणि पुढेपुढे दूधवालाही तेच म्हणू लागला. पन्नाशी ओलांडलेल्या, डोक्यावर मोजके केस उरलेल्या आणि चष्मा दोरीने गळ्यात अडकवणाऱ्या माणसाने सगळ्या गल्लीचा जावई म्हणून फिरायचं, यात त्याला काय वाटत असेल याचा विचार कुणी केला नाही. बरं, जावयाचा मान म्हणावा तर तो एकाही घरी मिळत नव्हता.

जावईबापू विमा कंपनीत दावे तपासायचं काम करत. दिवसभर जळालेली दुकानं, तुंबलेली तळघरं आणि कोसळलेल्या भिंती बघायच्या. संध्याकाळी घरी येऊन गॅसचं बटण तपासायचं, पुन्हा तपासायचं आणि झोपायला जाताना बायकोला तपासायला लावायचं. कुठली वस्तू कशी बिघडू शकते हे त्यांना पाठ होतं. एखादी वस्तू नीटही चालू शकते, यावर मात्र त्यांचा विश्वास बसत नसे. शेवटी छातीत धडधड होऊ लागली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, त्याला फक्त मालक वाईट मिळालाय. काहीतरी लावा, ते वाढताना बघत बसा, मन शांत होईल. डॉक्टरांनी जन्मात कधी कुंडीत धनेसुद्धा पेरले नसावेत, हे उघड होतं.

नर्सरीत जाऊन जावईबापूंनी सगळ्यात कमी धोक्याचं झाड मागितलं. नर्सरीवाल्याने गुलाबावरचे रोग ऐकवले, सफरचंदाची कीड ऐकवली आणि गिऱ्हाइकाचा चेहरा उतरलेला बघून शेवटी कोपऱ्यातल्या दोन काटक्या पुढे केल्या. ही कीवी. बाजारात मिळते ती केसाळ नव्हे; ही द्राक्षाएवढी, गुळगुळीत, सालासकट तोंडात टाकायची. कडाक्याच्या थंडीत टिकते. एक वेल नर, एक मादी, दोन्ही लागतात. आणि वर तो सहज म्हणून गेला, ‘मरत नाही हो ती.’ या एका वाक्यावर जावईबापूंनी जोडी घेतली. असं वाक्य त्यांना विम्याच्या धंद्यात इतक्या वर्षांत कुणी ऐकवलं नव्हतं.

इथे सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. सासरे बस आगारात चौकशीच्या खिडकीत बसत. गाडी कधी येणार असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘येईल, थांबा’ एवढंच सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि गाडी बहुतेक वेळा आलीही. सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले आणि आल्या दिवसापासून स्वतःच उतारू असल्यासारखे बूट घालून दिवाणखान्यात बसू लागले, तेही नेमके जावईबापूंच्या खुर्चीत. ‘आता माझीच गाडी लागायची राहिलीय,’ असं दिवसातून एकदा तरी म्हणायचे. रक्तदाबाची गोळी खिडकीतल्या कुंडीत पुरून टाकायचे. मग त्यांनी आपल्या वस्तू वाटायला सुरुवात केली. मनगटी घड्याळ जावईबापूंना दिलं, रेडिओ दूधवाल्याला दिला, आणि लाकडी मुठीची लांब काळी छत्री, जी त्यांनी सासूबाईंनाही कधी वापरू दिली नव्हती, ती शेजारच्या मोजणीसाहेबांना देऊन आले. छत्री गेली त्या दिवशी बायको स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडून रडली.

त्याच आठवड्यात काटक्या घरी आल्या. जेवताना जावईबापूंनी नर्सरीतली सगळी हकीकत सांगितली. सासऱ्यांनी हातातला घास तसाच धरला. मग त्यांनी विचारलं,

‘‘फळ कधी?’’

‘‘चार-पाच वर्षांनी म्हणाला.’’

‘‘चार की पाच?’’ चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला मोघम उत्तर चालत नाही.

‘‘पाच धरा, बाबा.’’

सासऱ्यांनी घास गिळला, पाणी प्यायले. ‘‘मग थांबायला हवं,’’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रक्तदाबाची गोळी सगळ्यांसमोर पाण्याबरोबर घेतली आणि मोजणीसाहेबांकडे जाऊन छत्री परत मागून आणली. रेडिओ मिळाला नाही, दूधवाला तेवढा हुशार होता. घड्याळ त्यांनी परत मागितलं नाही. ते रोज मागे पडत असल्यामुळे जावईबापू बरेच दिवस आशेने वाट बघत राहिले, पण नाही. बायकोच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू दिसलं. जावईबापूंना दाराआड घेऊन ती हळूच म्हणाली, ‘‘आता ही वेल मेली तर बघा.’’

बाईमाणसाने सहज बोललेलं वाक्य असतं ते. पण जावईबापूंनी ते विम्याच्या अटीसारखं मनात नोंदवून ठेवलं. धडधडीवर उपाय म्हणून आणलेल्या दोन काटक्यांना आता एक अख्खा सासरा लटकला होता.

शेजारचे मोजणीसाहेब जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त माणसं फिरायला जातात, हे मोजायला जात. खिशात टेप कायम. काटक्या जमिनीत लागल्या न लागल्या तोच ते कुंपणाच्या भिंतीवरून डोकावले आणि म्हणाले की ही वेल फार द्वाड. त्यांच्या साडूकडे हिने पन्हाळीचा पाइप भिंतीपासून उपटून काढला होता. हिला बांबूबिंबू चालणार नाही, लोखंडी खांब हवेत, खाली सिमेंट हवं, वर आडव्या तारा हव्यात. मांडव कोसळला तर खाली बसलेल्या माणसाचं काही खरं नाही. खाली कोण बसणार हे सांगायची गरज नव्हती. सासऱ्यांनी आपली खुर्ची, म्हणजे जावईबापूंची खुर्ची, आधीच अंगणात नेऊन ठेवली होती. कोसळलेल्या मांडवाखाली सापडलेला वृद्ध, हा दावा जावईबापूंच्या डोळ्यांपुढे कागदपत्रांसकट उभा राहिला. त्यांनी खांब ठरवले.

खांबाखाली सिमेंट आलं की ते बांधकाम होतं, आणि बांधकामाला परवानगी लागते. हेही मोजणीसाहेबांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना फार आनंद झाला.

नगरपालिकेत परवानगीच्या खिडकीत एक बाई बसत. त्या रागवत नसत, याचीच भीती वाटे. त्यांनी शांतपणे विचारलं की याला छप्पर आहे का. जावईबापू म्हणाले नाही, नुसत्या तारा. पण वेल चढल्यावर पानांचं छप्पर होणार ना? होणार. मग ही शेड. शेडला शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर सोडावं लागतं आणि तेवढं अंगणच नाही. जावईबापूंनी युक्तिवाद केला की हिवाळ्यात पानं गळतात, तेव्हा छप्पर राहत नाही. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, मग हे तात्पुरतं बांधकाम, ते दर हिवाळ्यात काढून घ्यावं लागेल. खांबांसकट. जावईबापूंनी विमा कंपनीत लोकांना अशीच उत्तरं दिली होती, पण खिडकीच्या या बाजूने ती कशी ऐकू येतात याची त्यांना कल्पना नव्हती. ते अनेकदा खेटे घालून आले. शेवटी आतल्या केबिनमधले साहेब चहाला बाहेर आले, त्यांनी उभ्याउभ्या सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, कपडे वाळत घालायच्या खांबांना परवानगी लागत नाही. मात्र कधीही माणूस तपासायला येईल आणि तेव्हा त्यावर कपडे दिसले पाहिजेत.

अशा तऱ्हेने कीवीचा मांडव उभा राहिला आणि त्यावर बारा महिने कपडे लटकू लागले. तपासनीस केव्हा येईल याचा नेम नसल्यामुळे ऊन असो, धुकं असो, तारेवर काहीतरी हवंच. धुवायचे कपडे संपले की जावईबापू धुतलेले कपडे पुन्हा ओले करत. रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला त्यांचे बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा ओळखीचा झाला. एकदा बँकेतल्या अनोळखी बाईने ‘पायजमा बदललात वाटतं’ असं विचारलं, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तपासनीस आला तो नेमका जावईबापूंच्या कंपनीचे साहेब घरी भेटीला आले असताना. त्याने मांडवाखाली उभं राहून पायजमा दोन बोटांनी चाचपला, ओला आहे अशी खात्री करून घेतली आणि निघून गेला. साहेबांनी काही विचारलं नाही, पण पुढे ऑफिसात ते जावईबापूंशी जरा जपून बोलू लागले.

मग मांजरं. या वेलीच्या कोवळ्या पानांचं मांजरांना वेड असतं, हे नर्सरीवाला सांगायला विसरला होता. पहिलं आलं मोजणीसाहेबांचं बोक्याएवढं थोराड मांजर. त्याने पान चावलं, डोळे मिटले, चारी पाय वर करून लोळण घेतली आणि बराच वेळ तसंच पडून राहिलं. बातमी त्या जातीत कशी पसरते देव जाणे, पण आठवड्याभरात गल्लीतली सगळी मांजरं अंगणात पाय वर करून पडलेली असत आणि मधोमध खुर्चीत सासरे, मांडीवर छत्री घेऊन. छत्रीने ते मांजरं हाकलत, ती पुन्हा येत. सासरे कितीतरी दिवसांनी कुणाला तरी ओरडत होते. बायकोला ते ऐकून बरं वाटायचं. जावईबापूंना काळजी, की ओरडून रक्तदाब वाढला तर? त्यांनी बुंध्यांभोवती जाळी ठोकली. ठोकताना नर-मादीच्या चिठ्ठ्या फाटल्या, म्हणून त्यांनी नराच्या बुंध्याला आपली जुनी ऑफिसची टाय बांधली.

दोन वर्षं गेली. वेल वाढत होती खरी, पण जावईबापूंचा जीव टांगणीलाच. पाऊस जास्त झाला तर मुळं कुजतील, कमी झाला तर सुकतील. वसंतात एका संध्याकाळी गारठा अचानक वाढला. कोवळे कोंब काळे पडतील असं रेडिओवर सांगितलं. (नवा रेडिओ, जावईबापूंनी आणलेला.) जावईबापूंनी घरातली सगळी पांघरुणं नेऊन वेलीवर घातली. मोजणीसाहेब भिंतीवरून बघत होते, त्यांनी सुचवलं की मधे फट राहतेय. मग जावईबापूंनी अंगातला कोटही काढून घातला. सकाळी वेल ठणठणीत आणि जावईबापू तापाने फणफणलेले. सासरे त्यांच्या उशाशी येऊन बसले, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘उतरेल. थांबा.’’ ताप उतरला. त्या हाताचा थंडपणा जावईबापूंना पुढे बरेच दिवस आठवत राहिला, पण त्यावर विचार करायला त्यांना फुरसत नव्हती.

कारण पुढच्या वर्षी वेलीला कळ्या आल्या. नर्सरीवाल्याने सांगितलं होतं त्याच्याही आधी. घरात आनंद झाला. सासरे कळ्या बघून आले, हात पाठीमागे बांधून मांडवाखाली उभे राहिले आणि प्रसन्न मुद्रेने म्हणाले,

‘‘चला. एकदा फळ खाल्लं की माझं काम झालं.’’

जावईबापूंच्या हातातला ओला टॉवेल खाली पडला.

इतकी वर्षं त्यांनी एका बाजूचीच काळजी केली होती. वेल मेली तर काय, याची. ती जगली तर काय, फळ आलं तर काय, हा धोका त्यांच्यासारख्या मुरलेल्या माणसाच्या नजरेतून सुटला होता. म्हातारा फळासाठी थांबला होता. फळ आलं की थांबायला कारण उरत नव्हतं. त्या दिवशी ऑफिसात त्यांनी कुणाचातरी आगीचा दावा पुराच्या फायलीत लावला.

आणि दुसऱ्या दिवसापासून एका सरळमार्गी गृहस्थाने गुन्हेगारीत पाऊल टाकलं. मांडवावर कपडे घालायचं काम जावईबापूंनी आपण होऊन मागून घेतलं. चादरी पसरायच्या, चादरीआड शिरायचं, टाय बांधलेल्या वेलीवर जितकी फुलं उमलली असतील तितकी खुडायची आणि खिशात घालायची. नराचं फूल नसेल तर फळ धरत नाही, एवढं त्यांनी वाचलेलं होतं. मोजणीसाहेब भिंतीपलीकडून विचारायचे की चादर घालायला एवढा वेळ का लागतो, आणि चादर ताणून कशी घालावी हे सांगायचे. त्या वर्षी फळ धरलं नाही. मादी वेलीवरची फुलं मलूल होऊन गळाली. सासऱ्यांनी गळलेली फुलं उचलून बघितली.

‘‘येईल,’’ म्हणाले. ‘‘थांबू.’’

जावईबापूंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी त्या दिवशी गॅसचं बटण एकदाच तपासलं.

पुढच्या वसंतात त्यांनी पुन्हा तोच उद्योग सुरू केला. पण या वेळी काहीतरी बिनसलं. सासरे गप्प गप्प झाले. मांजरं समोर लोळत होती तरी हाकलेनात. जावईबापू त्यांच्याकडे चोरून बघत आणि प्रत्येक वेळी बघितल्यावर जास्त घाबरत. आणि एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, ते फुलं खिशात घालून चादरीआडून बाहेर आले तर त्यांना भिंतीपलीकडे मोजणीसाहेबांच्या ओसरीत खुंटीला लाकडी मुठीची लांब काळी छत्री टांगलेली दिसली.

म्हणजे छत्री पुन्हा दिली. जावईबापू स्वयंपाकघरात जाऊन टेबलाशी बसले. बायकोने गॅस बंद केला. त्यांनी खिशातली फुलं काढून टेबलावर ठेवली, पांढरी, काळसर पुंकेसरांची, अजून ताजी.

‘‘ही मला गेल्या वर्षी पण सापडायची,’’ बायको म्हणाली. ‘‘धुवायच्या पँटच्या खिशात. सुकलेली. मला वाटलं, या वयात तुम्हाला कुणी...’’

‘‘अगं, कुणी काय? कोण देणार मला फुलं?’’

‘‘तेच मनाशी म्हणून गप्प बसले.’’

जावईबापूंचा स्वाभिमान यापूर्वीही बराच जखमी झालेला होता, त्यामुळे हा घाव त्यांनी मनावर घेतला नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. फळ आलं तर बाबा जातील म्हणून खुडली. आता फळ येत नाही म्हणून बाबा निघाले. छत्री दिली त्यांनी. मीच घालवलं त्यांना. हे सांगताना त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. खुर्चीवरून, वर्तमानपत्राच्या घडीवरून, सकाळच्या न्हाणीघरावरून इतकी वर्षं ऐकलेल्या कुरकुरी तिला आठवत असाव्यात.

‘‘बाबा तुम्हाला एवढे हवे आहेत, हे मला माहीत नव्हतं,’’ ती म्हणाली.

‘‘मला तरी कुठे माहीत होतं?’’ जावईबापू म्हणाले.

मग तिने डोळे पुसले आणि फुलं ओंजळीत घेतली. ती आपल्या बापाचीच लेक होती. गाडी चुकली म्हणून रडत बसणाऱ्यांतली नव्हती. ताजी आहेत ना, मग मादीच्या फुलांवर टेकवून बघू, मधमाशा तेच करतात ना, असं म्हणून ती बाहेर पडलीसुद्धा. दोघं चादरीआड शिरली. जावईबापू स्टुलावर, ती खाली स्टूल धरून. एकेक नराचं फूल घ्यायचं आणि एकेका मादीच्या फुलावर हलकेच फिरवायचं. भिंतीपलीकडून चादरीखाली फक्त स्टुलाचे पाय आणि एक चपलांचा जोड दिसत होता, आणि कुजबुज ऐकू येत होती. ‘हळू’, ‘अगं घट्ट धर’, ‘अजून एक राहिलं’. मोजणीसाहेब भिंतीपलीकडे खाकरले, पुन्हा खाकरले आणि दार लावून आत निघून गेले. पुढे कित्येक महिने त्यांनी जावईबापूंना एकही सल्ला दिला नाही. समोर आले की आकाशाकडे बघत.

फळ धरलं. असं धरलं की तारा वाकल्या आणि पायजम्याला जागा उरली नाही. हिरवी फळं मोठी होऊ लागली तशी जावईबापूंची झोप उडाली. छत्री मोजणीसाहेबांच्या खुंटीलाच होती. तिच्याबद्दल विचारायचं धाडस होत नव्हतं. कारण विचारलं आणि उत्तर मिळालं तर काय करायचं? सासरे मात्र फळं धरल्यापासून खुशीत होते. रोज एखादं फळ चिमटीत दाबून बघत आणि म्हणत, अजून नाही. जावईबापूंना हे दोन शब्द फार आवडू लागले.

आणि शरद लागल्यावर एका सकाळी ते म्हणाले, ‘‘झालं.’’

बायकोने बशी आणली. मोजणीसाहेबांनाही बोलावलं, ते अजून आकाशाकडे बघत होते. सासऱ्यांनी बूट घातले होते. त्यांनी एक फळ खुडलं, शर्टाला पुसलं आणि सालासकट तोंडात टाकलं. जावईबापूंनी खांबाला धरलं. छातीत इतकी धडधड होत होती की तारेवरच्या बनियनलाही ऐकू गेली असती. सासरे डोळे मिटून सावकाश चावत होते. गिळलं. डोळे उघडले.

‘‘चला,’’ ते म्हणाले. ‘‘काम झालं माझं.’’

सासऱ्यांनी लेकीकडे बघितलं, मग त्यांची नजर जावयावर थांबली आणि बराच वेळ तिथेच राहिली. खांबाला मिठी मारून उभा असलेला, चष्म्यामागे डोळे भरून आलेला, घामाने निथळणारा तो माणूस त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग ते मोजणीसाहेबांकडे वळले.

‘‘छत्रीची काडी बसवून झाली का हो? वसंतात दिलीय दुरुस्तीला. अजून मोजताच आहात का?’’

मोजणीसाहेब ओशाळून छत्री घेऊन आले. जावईबापूंनी बायकोकडे बघितलं, बायकोने जावईबापूंकडे बघितलं. काडी. एका मोडक्या काडीपायी त्यांनी गुन्हा कबूल केला होता, स्टुलावर चढले होते, सगळ्या उन्हाळ्याची झोप घालवली होती. पण सासरे छत्री टेकत फाटकातून बाहेर पडलेसुद्धा. कुठे, म्हणून विचारलं तर ‘येतो’ एवढंच म्हणाले.

दुपार झाली तरी आले नाहीत. बायको म्हणत होती की येतील. जावईबापू फाटकापासून दारापर्यंत फेऱ्या घालत होते. इस्पितळात विचारावं का, आगारात बघून यावं का, अंगावर कुठला शर्ट होता, हे सगळं त्यांच्या मनात दाव्याच्या क्रमाने येऊन गेलं. शेवटी कोपऱ्यावर छत्री दिसली. सासरे नर्सरीतून येत होते. काखेत ओल्या पोत्यात गुंडाळलेलं एक रोप.

‘‘अक्रोड,’’ त्यांनी रोप जावईबापूंच्या हातात दिलं. ‘‘दहा-बारा वर्षं लागतात म्हणाला. मी त्याला नीट विचारलं, दहा की बारा. तर म्हणाला, बारा धरा.’’

‘‘बाबा, बारा वर्षं तुम्ही...’’ जावईबापू रोपाकडे बघत म्हणाले.

सासरे आपल्या, म्हणजे जावईबापूंच्या, खुर्चीत बसले आणि बुटाची नाडी सोडू लागले.

‘‘मला काय हौस आहे? ती कीवी मला अजिबात आवडली नाही. आंबट आहे. पण पहिल्या दिवशी तुम्ही त्या दोन काटक्या घेऊन आलात ना, तेव्हाच तुमचा चेहरा बघितला. म्हटलं, ही वेल या माणसाला सोसायची नाही. हिचं मार्गी लागेपर्यंत कुणीतरी सोबत बसायला हवं. म्हणून थांबलो. आज वाटलं, झालं, सुटलो. तर तुम्ही खांबाला धरून उभे.’’ त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. ‘‘अशा माणसाला सोडून कसं जायचं, सांगा.’’

जावईबापूंनी रोप छातीशी धरलं होतं, पोत्यातलं पाणी शर्टावर ओघळत होतं. बायको आत गेली आणि स्वयंपाकघरातला नळ मोठा सुटल्याचा आवाज आला. मोजणीसाहेब टेप उलगडत भिंतीपाशी आले आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा बोलले: अक्रोडाची मुळं फार लांब पळतात, घराच्या पायाला तडे जातात, भिंतीपासून भरपूर अंतर सोडावं लागेल, आणि एवढ्या मोठ्या झाडाला बहुधा परवानगीही लागेल.

जावईबापूंच्या छातीत धडधड सुरू झाली. ते कुदळ आणायला गेले.